डी४ : वजिराच्या प्याद्याने सुरू केलेला स्पर्धेतला डाव शेवटपर्यंत कसा न्यावा

बुद्धिबळात पहिली चाल डी४, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, खेळायचं ठरवलं की पोरं पहिला प्रश्न विचारतात, "सर, किती लाईन्स पाठ कराव्या लागतील?" माझं उत्तर दरवेळी तेच असतं: फार थोड्या. वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीत पाठांतरापेक्षा प्याद्यांची रचना ओळखता येणं जास्त कामाला येतं. एक रचना नीट कळली, तिच्यात आपली सोंगटी कुठे बसते आणि कोणतं प्यादं कधी पुढे टाकायचं हे हाताला सवयीचं झालं, की समोरचा अठराव्या चालीला पुस्तकाबाहेर गेला तरी आपण गोंधळत नाही. म्हणून या लेखात एकच रचना खोलात घेतली आहे. तिच्या आजूबाजूची उत्तरं कामापुरती आहेत.

आधी नोंदीबद्दल. ए ते एच या आठ फाईल्स, म्हणजे उभ्या रांगा, आणि १ ते ८ या आडव्या ओळी. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर, रा म्हणजे राजा. प्याद्याच्या चालीला अक्षर नाही. मारामारीला ×, शहाला +, कॅसलिंगला (राजा-हत्ती एकाच चालीत हलवण्याला) ०-०. एकाच घरावर दोन घोडे किंवा दोन हत्ती जाऊ शकत असतील तर कुठल्या फाईलवरचा ते आधी: घो-बीडी७ म्हणजे बी फाईलवरचा घोडा डी७ ला. आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. ! म्हणजे चांगली चाल, ? म्हणजे चूक, ?? म्हणजे घोडचूक. पट समोर मांडूनच वाचा. मोबाईलवर चाली सरकवत वाचलं की डोळ्यांना कळतं, हाताला कळत नाही.

फेरीच्या आधी

मराठवाड्यातल्या बऱ्याच स्पर्धा शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात होतात, त्याही उन्हाळ्याच्या सुट्टीत. मे महिन्यात परभणी-नांदेडकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. हॉलमध्ये कूलरचा आवाज, मध्येच वीज जाणं, बाहेर ताटकळलेले पालक हे सगळं धरूनच चालायचं. लातूर-नांदेडहून संभाजीनगरला खेळायला यायचं तर एसटीत निम्मा दिवस जातो, त्यामुळे शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा. पहाटेच्या गाडीने उतरून थेट पटावर बसलेला खेळाडू तिसऱ्या तासाला सोपा शह चुकवतो. सकाळी सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा पुरे. दुपारच्या फेरीआधी भाकरी-पिठल्यावर आडवा हात मारला तर पंधराव्या चालीला जांभया सुरू.

स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू भिडतात तिथे, जोडी बऱ्याचदा फेरीच्या थोडं आधीच कळते. तेवढ्या वेळात समोरच्याचे जुने डाव धुंडाळत बसू नका. तुम्ही पांढरे असाल तर फक्त एवढंच बघून घ्या की डी४ ला तो काय करतो: डी५ की घो-एफ६. त्यापुढचं तुमच्या हातात आहे.

पहिल्या पाच चाली

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उं-जी५.

सी४ ला गॅम्बिट, म्हणजे मुद्दाम प्यादं देऊ करणं, म्हणतात, पण इथे खरं तर काही पणाला लागत नाही. घरी शिकवताना एखादा हमखास ओरडतो, "सर, प्यादं फुकट जायलंय की!" जात नाही. काळ्याने डी×सी४ केलं तर ई३ खेळायचं आणि उंटाने प्यादं परत घ्यायचं. काळा ते धरून बसला, तर बघा: २...डी×सी४ ३. ई३ बी५? ४. ए४ सी६ ५. ए×बी५ सी×बी५ ६. व-एफ३! वजिराची तिरपी नजर थेट ए८ च्या हत्तीवर. हत्ती वाचवायला काळ्याला निदान एक मोहरा द्यावाच लागतो. ही सहा चालींची ओळ पटावर एकदा खेळून बघा, मग गॅम्बिट या शब्दाची भीती राहत नाही.

चौथ्या चालीला प्यादी अदलाबदल करून आपण एक्स्चेंज व्हेरिएशनमध्ये शिरतो. खूप जण म्हणतात हे कंटाळवाणं आहे. मला तसं वाटत नाही. अदलाबदल झाली की रचना ठरून जाते: पांढऱ्याची डी४, ई३, आणि वजिराच्या बाजूला ए, बी ही दोन प्यादी, काळ्याची डी५, सी६, आणि सोबत ए७, बी७. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात, आजच्या चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारी या गावाच्या जुन्या नावावरून. तिथे एकेकाळी मोठ्या स्पर्धा व्हायच्या. १९२७ साली ब्युनोस आयरेसला कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात विश्वविजेतेपदाचे ३४ डाव झाले, त्यांतले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डचे, म्हणजे काळ्याने सी४ चं प्यादं न घेण्याच्या याच सुरुवातीचे, होते. म्हणजे हे मैदान चांगलंच तुडवलेलं आहे. पायाखालची जमीन पक्की आहे.

इथेच एक सापळा आहे, आणि तो पांढऱ्यासाठी आहे. उं-जी५ नंतर काळा ५...घो-बीडी७ खेळतो. एफ६ चा घोडा पिनमध्ये, म्हणजे हलला तर मागचा वजीर जाईल असा अडकलेला, दिसतो, डी५ चं प्यादं फुकट वाटतं आणि हात पुढे जातो: ६. घो×डी५?? घो×डी५! ७. उं×डी८ उं-बी४+. आता वजीर मधे घालण्याशिवाय इलाज नाही. ८. व-डी२ उं×डी२+ ९. रा×डी२ रा×डी८. हिशेब करा: वजीर वजिराला गेला, उंट उंटाला गेला, आणि काळ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा उरला. बारा वर्षांखालच्या गटात हा सापळा अजूनही माणसं खातो. म्हणून ६. ई३ खेळा, शांतपणे.

सोंगट्या आपापल्या घरी

५...उं-ई७ ६. ई३ सी६ ७. व-सी२ घो-बीडी७ ८. उं-डी३ ०-० ९. घो-एफ३ ह-ई८ १०. ०-० घो-एफ८.

यातली सातवी चाल नुसती पाठ करू नका, तिचं कारण समजून घ्या. या रचनेत काळ्याची डोकेदुखी म्हणजे त्याचा सी८ चा उंट. त्याला एफ५ वर यायचंय, आपल्या डी३ च्या उंटाशी अदलाबदल करायचीय. व-सी२ ते घर अडवतो. वजीर आणि उंट दोघे मिळून एच७ वरही डोळा ठेवतात. काळ्याने मधेच विचार न करता घो-एच५ केलं आणि त्याचा दुसरा घोडा अजून डी७ वरच असला, तर उंटांची अदलाबदल करून उं×एच७+ ने प्यादं मोकळं मिळतं. मात्र मारल्यावर उंट लगेच बाहेर काढा, नाहीतर जी६ ने तो कोंडला जातो.

काळ्याने उं-एफ५ ची घाई केली तर? समजा ५...सी६ ६. ई३ उं-एफ५. इथे ७. व-एफ३! उंट मागे गेला, ७...उं-जी६, की ८. उं×एफ६ व×एफ६ ९. व×एफ६ जी×एफ६. काळ्याची एफ फाईलवर दोन प्यादी एकावर एक. डावात वजीर नाहीत, तरी ही जखम शेवटच्या चालीपर्यंत राहते. अशा डावात पांढरा घाई न करता तासभर खेळू शकतो आणि काळ्याला तोवर काहीच करता येत नाही.

तुम्ही आधी घो-एफ३ खेळलात तर मात्र ही व-एफ३ ची युक्ती हातातून जाते. म्हणून मी नवख्यांना सांगतो, राजाच्या बाजूचा घोडा जरा थांबवा. तरी घो-एफ३ लवकर खेळायची पद्धतही पक्की आहे. २०२४ च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात सिंगापूरला तिसऱ्या डावात गुकेशने हेच केलं: घो-एफ३ आधी, मग अदलाबदल, मग व-सी२. डिंग लिरेनने जी६ करून उं-एफ५ साधलं, पण पुढे सदतिसाव्या चालीला त्याची वेळ संपली आणि गुकेशला त्या सामन्यातला पहिला विजय मिळाला. घड्याळाबद्दल पुढे लिहिलंच आहे.

बी४, बी५ : डावाचा गाभा

दहा चाली झाल्या. दोन्ही राजे सुरक्षित. आता बरेच खेळाडू इकडेतिकडे एकेक चाल करत बसतात. इथेच थांबून पाच-दहा मिनिटं द्या.

वजिराच्या बाजूला आपली दोन प्यादी, काळ्याची तीन. साधी बुद्धी म्हणते, जिथे आपण कमी तिथे जाऊ नये. इथे उलटं आहे. बी प्यादं पुढे नेऊन सी६ वर आदळायचं. दोघांनी तिघांवर चाल करायची म्हणून याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. चालींचा क्रम साधारण असा: ११. ह-एबी१ ए५ १२. ए३ घो-जी६ १३. बी४ ए×बी४ १४. ए×बी४, आणि मग बी५. ए५ ला ए३ ने उत्तर दिल्यामुळे बी४ वर मारामारी झाली तरी आपलं प्यादं तिथेच उभं राहतं.

बी५ पडलं की काळ्यासमोर तीन वाटा. तिन्ही पटावर मांडून बघा.

पहिली वाट: काळा काहीच करत नाही आणि आपण बी×सी६ बी×सी६ करतो. आता सी६ चं प्यादं मागे राहिलेलं, समोर सी फाईल उघडी. त्याला आधार द्यायला शेजारी प्यादं नाही, पुढे सरकलं तर डी५ उघडं पडतं. आपला सी३ चा घोडा ए४ ला नेला की एका चालीत दोन कामं होतात: वजिराला आणि हत्तीला सी६ दिसू लागतं, आणि घोड्याला सी५ चं घर मिळतं. सी५ वर बसलेल्या घोड्याला हाकलायला काळ्याकडे प्यादं नाही. दुसरा हत्ती सी१ वर आणा. आता काळ्याचे दोन-तीन मोहरे एका प्याद्याच्या राखणीला जुंपले गेले.

दुसरी वाट: काळा सी×बी५ करतो. उं×बी५ ने घ्या. डी७ रिकामं असेल तर हा उंट ई८ च्या हत्तीवर जातो, म्हणजे चाल फुकटात मिळते. आता डी५ ला प्याद्याचा आधार राहिला नाही आणि सी३ च्या घोड्याचा रोख तिथेच. बी७ वर बी१ चा हत्ती. दोन कमजोर जागा.

तिसरी वाट: काळा सी५ ने निसटू बघतो. डी×सी५ उं×सी५, आणि काळ्याच्या हाती डी५ चं एकटं प्यादं. तुमचा एफ३ चा घोडा डी४ ला जाऊन त्याच्यासमोर ठाण मांडतो. यात काळ्याच्या सोंगट्यांना थोडी मोकळीक मिळते, म्हणून तिन्हींत हीच त्याची बरी वाट. पण आपलं काम झालेलं असतं.

चौथी एक गोष्ट, जी पुस्तकी खेळाडू विसरतात: काळा बी४ ला स्वतःच बी५ करून अडवू शकतो. मग सी६ मागे राहतं खरं, पण काळ्याचा घोडा बी६ मार्गे सी४ ला येऊन बसला की आपल्याला ते दिसेनासंच होतं. म्हणून बी४ खेळण्याआधी स्वतःला विचारा: सी४ वर आलेल्या घोड्याचं मी काय करणार? डी३ चा उंट त्याला मारायला तयार आहे का? ई४ करून मध्य फोडता येतो का? उत्तर असेल तरच बी४.

आणखी एक चाल ध्यानात ठेवा: ११. उं×एफ६ उं×एफ६ १२. बी४. उंट देऊन घोडा घेतला म्हणजे राजाच्या बाजूला हल्ला करणारा एक गडी कमी झाला आणि बी४ एक चाल आधी पडलं. ज्यांना काळ्याच्या हल्ल्याची धास्ती वाटते त्यांनी हेच खेळावं.

बी५ चा बेत नको असेल तर दुसरा मार्ग आहे. नवव्या चालीला घो-एफ३ ऐवजी घो-जीई२, मग एफ३, मग ई४. १९५२ साली सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत बॉटविनिकने केरेसविरुद्ध हे असं खेळून दाखवलं की आजही शिकवताना तोच डाव काढतात. पण हा मार्ग कडक आहे. ई४ ची वेळ चुकली तर आपलंच डी४ लंगडं पडतं. आधी वर्षभर बी४-बी५ खेळा, मग इकडे या.

काळा गप्प बसणार नाही

आपण वजिराच्या बाजूला प्यादी सरकवतो तेव्हा काळा राजाच्या बाजूला जमा होतो: घो-जी६, उं-डी६, घो-ई४, आणि मग एच२ कडे नजर. या डावात पांढरे खेळाडू सगळ्यात जास्त हरतात ते इथे. बी५ च्या नादात समोरच्याच्या चाली बघायचंच सोडून देतात.

दोन-तीन नियम पाळा. राजासमोरची जी आणि एच प्यादी गरजेशिवाय हलवू नका. एच३ ने स्वतःच खूण करून दिली की काळा तिथेच मोहरा मारून घुसतो. घो-ई४ आलं की आधी ई७ च्या उंटाशी अदलाबदल होते का बघा; हल्ला करणारे गडी जितके कमी तितका आपला बी५ मोठा. आणि घो-ई५ हे पांढऱ्याचं घर विसरू नका. तिथला घोडा राजाची बाजूही राखतो आणि सी६ वरही पडतो.

काळा शहाणा असेल तर घोडा डी६ ला आणेल, म्हणजे डी७-बी६-सी८-डी६ असा लांबचा फेरा मारून. तो घोडा बी५, सी४, ई४ या तिन्ही घरांवर पहारा देतो. असा गडी समोर दिसला की समजायचं, समोरच्याला ही रचना येते. मग घाई नको. मोहऱ्यांची अदलाबदल करून त्या घोड्यालाच उठवायचा प्रयत्न करा.

काळ्याची बाकीची उत्तरं

या भागात मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण तुमचे निम्मे डाव याच रचनेत किंवा तिच्या भावंडांत जातील.

स्लाव्ह (२...सी६): ३. घो-सी३ घो-एफ६ ४. ई३. काळा उं-एफ५ ला आला की ५. सी×डी५ सी×डी५ ६. व-बी३. बी७ चं प्यादं उंट निघून गेल्यामुळे उघडं पडलंय. सोपं आणि टोचणारं.

निम्झो (१...घो-एफ६ २. सी४ ई६ ३. घो-सी३ उं-बी४): आवडत नसेल तर तिसऱ्या चालीला घो-एफ३ खेळा. काळ्याने डी५ केलं की घो-सी३ आणि आपण परत घरच्या रस्त्यावर.

किंग्ज इंडियन (१...घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ उं-जी७): मध्य घ्या (४. ई४), डी५ ने बंद करा, आणि सी५ कडे निघा. काळा राजाच्या बाजूला एफ५ ने येईल. इथे शर्यत असते, म्हणून प्रत्येक चाल मोजून. ज्याला शर्यत झेपत नाही त्याने जी३ चा फियांकेटो (उंट जी२ वर बसवण्याचा) प्रकार शिकावा.

दोन गॅम्बिटबद्दल मात्र थांबायला हवं, कारण एकदिवसीय रॅपिड स्पर्धांत हेच तुमच्यावर टाकले जातात.

आल्बिन: १. डी४ डी५ २. सी४ ई५ ३. डी×ई५ डी४. इथे ४. ई३? खेळू नका. ४...उं-बी४+ ५. उं-डी२ डी×ई३! आणि आता ६. उं×बी४? ई×एफ२+ ७. रा-ई२ एफ×जी१ आणि प्याद्याचा घोडा, शहासकट! वजीर न करता घोडा केल्याचा हा दुर्मीळ डाव आहे. ८. ह×जी१ ला उं-जी४+ आणि पांढऱ्याचा वजीर गेला. ४. घो-एफ३ खेळलं की यातलं काहीच होत नाही.

बुडापेस्ट: १...घो-एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घो-जी४ ४. उं-एफ४ घो-सी६ ५. घो-एफ३ उं-बी४+ ६. घो-बीडी२ व-ई७. आता ७. ए३ खेळलात आणि ७...घो-जी×ई५ ला ८. ए×बी४?? म्हणून उंट उचललात, तर ८...घो-डी३ मात. राजाला जागा नाही, ई२ चं प्यादं वजिरामुळे पिनमध्ये. पट मांडून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. ७. ई३ खेळा, प्यादं देऊन टाका, पुढे जागा तुमच्याकडेच जास्त आहे.

आणि तुम्ही काळे असाल, समोरचा २. सी४ ऐवजी २. उं-एफ४, म्हणजे लंडन खेळला तर? हल्ली व्हिडिओ बघून जो तो लंडन खेळतो. वाईट नाही, पण त्यात पांढरा आधी काही विचारत नाही, म्हणून विचारायचं काम तुम्हीच करा: सी५, घो-सी६, व-बी६. उंट बाहेर गेल्यामुळे बी२ उघडं असतं. तिथेच बोट ठेवा.

घड्याळ, नोंद, पंच

लांब डावात ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद हा प्रकार सर्रास दिसतो. या रचनेत पहिल्या दहा चालींना दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवलीत तर तयारी कमी पडली असं समजा. वाचवलेला वेळ बी४ च्या आधी आणि बी५ नंतरच्या पहिल्या मारामारीवर खर्च करा. सरळ हिशेब: पंधराव्या चालीला तासाच्या वर वेळ शिल्लक हवा. डिंगसारख्या तेव्हाच्या विश्वविजेत्याची वेळ संपते तिथे आपण कोण.

नोंद चाल केल्यावर लिहायची, आधी नाही. ३० सेकंदांची वाढ असेल तर शेवटच्या मिनिटातही लिहावंच लागतं. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. सरळ करायची असेल तर आधी तसं बोला. कॅसलिंग करताना आधी राजाला हात, मग हत्तीला, आणि एकाच हाताने. लांब डावात नियमबाह्य चाल पहिल्यांदा केली तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. मोबाईल खिशात सापडला तरी तेच, वाजला नाही तरी.

बरोबरीचा प्रस्ताव चाल करून, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल आणि दावा करायचा असेल, तर ती चाल पटावर करू नका: कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. आधी चाल करून घड्याळ दाबलं की त्या चालीवरचा दावा गेला. आणि समोरचा मोठा खेळाडू असला, कोणाचा सर असला, तरी पंचांना हात करायला लाजू नका. आपल्याकडे हा संकोच फार आहे. पटावर दोघंही सारखेच.

शेवटाकडे

बी×सी६ झालं, वजीर गेले, आता दोघांकडे एकेक हत्ती आणि मूठभर प्यादी. इथे माणसं सी६ चं प्यादं मारायची घाई करतात. नको. ते प्यादं काळ्याच्या हत्तीला बांधून ठेवतंय, तेवढंच पुरे. आपला हत्ती बी फाईलवरून बी७ पर्यंत न्या, सातव्या ओळीवर. राजा जी२, एफ३, एफ४ असा पुढे काढा.

एका कमजोर जागेवर काळा निभावून नेतो. दुसरी तयार झाली की त्याचे मोहरे अपुरे पडतात. म्हणून राजाच्या बाजूला एच४, एच५ ने दुसरी आघाडी उघडा. काळ्याचा हत्ती सी६ ला बांधलेला, राजा एच५ च्या प्याद्याकडे धावलेला, आणि तुमचा राजा मधून ई५ ला. हे दहा चालीत होत नाही, तीस चालीही लागतात. शेजारच्या पटावरचे सगळे उठून गेलेले असतात, कूलरसुद्धा बंद केलेला असतो. या टप्प्यावर समोरच्याने बरोबरी विचारली तर पट बघा, त्याचा चेहरा बघू नका. कमजोर प्यादं त्याचं आहे, तुमचं नाही.

डाव झाल्यावर

हॉलबाहेर समोरच्यासोबत बसून डाव परत मांडा. विचारायचं ते इतकंच: बी४ ला तुला काय भीती वाटत होती? त्याच्या तोंडून जे कळेल ते इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम) सांगणार नाही. इंजिन घरी, आणि तेही आधी स्वतःचं लिहून झाल्यावर. कागदाच्या कडेला तीन खुणा करा: मी बी४ कधी खेळलो, बी५ नंतर काळ्याने कोणती वाट धरली, आणि माझा वेळ कुठे गेला.

सरावाबाबत लातूर पॅटर्नमधली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: एकाच धड्यावर पुन्हा पुन्हा सराव पेपर. दहा वेगवेगळ्या सुरुवाती चाखण्यापेक्षा अकराव्या चालीची वरची स्थिती मांडा, मित्राला काळा द्या, पंधरा-पंधरा मिनिटं लावा, आणि संपल्यावर बाजू बदलून तोच डाव पुन्हा सुरू करा. काळ्याकडून खेळताना सी६ राखायला किती त्रास होतो हे एकदा अंगावर आलं, की पांढरा घेऊन बसल्यावर त्रास कुठे द्यायचा ते आपोआप दिसू लागतं. मित्र नसेल तर स्वतःशीच खेळा, फक्त काळ्याच्या चाली मनापासून करा.